इंकजेट प्रिंटर बंद कसा करायचा: वीजबिल, शाई आणि सोलापूरचा उन्हाळा

आमच्या घरी रात्री साडेदहाच्या सुमारास एक फेरी होते. माझे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, एकेका खोलीत जाऊन बोर्डावरची बटणं बंद करत येतात. टीव्ही, मिक्सर, मोबाइलचे चार्जर, कूलर. ज्यांनी पै-पै जोडून घर उभं केलं त्यांची ही सवय आहे आणि मला तिचा आदरच आहे. या फेरीत आमचा प्रिंटरही यायचा. मी घरी शिकवण्या घेते, मुलांना सरावाचे कागद छापून द्यावे लागतात. संध्याकाळी छपाई संपली की प्रिंटर तसाच चालू राहायचा आणि रात्री अण्णा बोर्डावरचं बटण खाली करायचे. दोन वर्षं हे रोज चाललं.

मग एका मार्चमध्ये, ऐन परीक्षेच्या तोंडावर, छापलेल्या कागदावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. आधी गुलाबी रंग गेला, मग काळाही तुटक यायला लागला. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फेकणारा भाग (हेड) प्रिंटरकडूनच साफ करून घेणं, पाच-सहा वेळा केलं. शाई संपत गेली, रेघा तशाच. नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं, आत बॅटरीचा उजेड मारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बोर्डावरनंच बंद करताय की काय रोज?"

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. शेजारपाजारच्या सात-आठ घरांतल्या प्रिंटरच्या सेटिंग्जही करून दिल्या. वीज वाचवण्याची आपली इच्छा अगदी योग्य आहे, फक्त प्रिंटरच्या बाबतीत ती कुठल्या बटणाने पुरी करायची एवढं कळलं पाहिजे. ते इथे क्रमाने मांडते.

आधी समजून घ्या: बटण दाबल्यावर आत काय होतं

इंकजेटच्या हेडला शेकडो छिद्रं असतात, आपल्या केसापेक्षाही बारीक. शाई त्यांतून थेंबाथेंबाने कागदावर पडते. एचपी आणि कॅननच्या प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर थेंब बाहेर फेकतात. एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेने किंचित वाकणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने फेकतात. पद्धत कुठलीही असो, घरगुती प्रिंटरच्या शाईत बहुतांश पाणीच असतं. छिद्र उघडं राहिलं की पाणी उडून जातं आणि रंग तिथेच घट्ट होतो.

म्हणून प्रत्येक इंकजेटमध्ये एका टोकाला, बहुतेक मॉडेलांत उजवीकडे, रबराची एक टोपी असते. काम संपलं की हेड तिथे जाऊन बसतं आणि टोपी खालून घट्ट लागते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसंच हे. प्रिंटरवरचं स्वतःचं पॉवर बटण दाबलं की प्रिंटर लगेच बंद होत नाही. आधी हेड जागेवर नेतो, टोपी लावतो, हेड हलू नये म्हणून अडकवतो आणि मगच दिवा घालवतो. म्हणूनच बटण दाबल्यावर दहा-वीस सेकंद कुरकुर आवाज येतो आणि दिवा लुकलुकत राहतो.

बोर्डावरचं बटण बंद केलं की यातलं काहीच करायला त्याला वेळ मिळत नाही. छपाई संपून बराच वेळ झाला असेल तर हेड बहुधा आधीच टोपीवर असतं आणि आपण सुटतो. पण नुकतंच काही छापलं असेल, स्वच्छता चालू असेल किंवा कागद अडकून हेड मध्येच थांबलं असेल, तर ते उघडंच राहतं. सकाळपर्यंत, कधी कधी सुट्टी संपेपर्यंत.

आणखी एक तोटा आहे, तो चटकन लक्षात येत नाही. वीज अशी अचानक गेल्याचं कळलं की बरेच प्रिंटर पुढच्या वेळी चालू होताना जास्त वेळ घेतात आणि सावधगिरी म्हणून हेडमधून थोडी शाई खेचून स्वच्छता करतात. ती शाई कागदावर येत नाही, प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजमध्ये जाते. त्या स्पंजचीही मर्यादा असते. तो भरला की प्रिंटर छापायचं नाकारतो.

वीज किती जाते, याचा साधा हिशेब

आता अण्णांचा मुद्दा. प्रिंटर चालू राहिला तर बिल किती वाढतं? हा हिशेब मी त्यांच्यासमोर वहीत मांडला होता.

घरगुती इंकजेट छापताना साधारण १० ते ३० वॉट घेतो. छपाई संपून तयार स्थितीत बसला की ३ ते ५ वॉट. काही मिनिटांनी तो आपोआप झोपेत, म्हणजे स्लीप मोडमध्ये जातो, तेव्हा १ वॉटच्या आसपास. स्वतःच्या बटणाने बंद केला पण पिन लागलेलीच असेल तर ०.१ ते ०.३ वॉट. तुमच्या मॉडेलचे नेमके आकडे माहितीपुस्तिकेच्या शेवटी, तांत्रिक माहितीच्या पानावर असतात.

एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तासभर. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरू. तुमच्या बिलावर स्लॅबप्रमाणे दर वेगळा असेल, तो घालून पाहा.

प्रिंटर महिनाभर दिवस-रात्र ४ वॉटवर जागाच राहिला तर ४ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे २.८८ युनिट, सुमारे २९ रुपये. झोपेत १ वॉटवर राहिला तर ०.७२ युनिट, सुमारे ७ रुपये. बटणाने बंद, पिन लागलेली, ०.२ वॉट धरला तर ०.१४ युनिट, म्हणजे दीड रुपयाही नाही. आणि रोज अर्धा तास छपाई, १५ वॉटने? महिन्याला पाव युनिटसुद्धा होत नाही.

म्हणजे खरी बचत जागेपणातून झोपेत आणि झोपेतून बंद स्थितीत जाण्यात आहे. वर्षाला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास, ती जरूर करावी. पण बटणाने बंद केल्यावर बोर्डावरूनही बंद करण्याने वर्षाला वाचतात वीस रुपयांच्या आत. त्या वीस रुपयांसाठी घाईत आधी बोर्डाचंच बटण दाबलं गेलं आणि हेड गेलं, तर दुरुस्तीचा खर्च हजारांत जातो.

तुलनेसाठी सांगते. जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॉट घेतो. रिकाम्या खोलीत तो एक तास फिरला तर ४ वॉटवर जागा असलेल्या प्रिंटरची अठरा तासांची वीज जाते. आमच्या अण्णांना हा एक आकडा पुरला.

रोज बंद करण्याची रीत

१. छपाई पूर्ण झाली का ते पाहा. कॉम्प्युटरवरून पाच पानं पाठवलेली असतात आणि तीनच बाहेर आलेली असतात, असं होतं. कागद अडकला असेल तर आधी तो काढा. अडकलेल्या कागदामुळे हेड टोपीपर्यंत पोचू शकत नाही.

२. प्रिंटरवरचं पॉवर बटण दाबा. काही मॉडेलांत ते क्षणभर धरून ठेवावं लागतं.

३. दिवा लुकलुकायचा थांबून पूर्ण विझेपर्यंत थांबा. आतला आवाजही बंद झाला पाहिजे. इथे घाई करू नका. मी शिकवणीच्या मुलांनाही हेच सांगते, मनात तीसपर्यंत आकडे म्हणा.

४. त्यानंतर बोर्डाचं बटण बंद करायचं असेल तर करा. आता ते सुरक्षित आहे. रोज गरज नाही, पण ज्यांना चैन पडत नाही त्यांनी हा क्रम पाळून खुशाल करावं.

मात्र ब्रदरचा इंकजेट असेल तर चौथी पायरी गाळा. हे प्रिंटर बंद स्थितीतही अधूनमधून स्वतःच जागे होऊन हेड साफ करतात आणि त्यासाठी त्यांना वीज लागते. कंपनीच सांगते की पिन लावूनच ठेवा. रात्री दोन वाजता कपाटावरून गुरगुर ऐकू आली तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय.

हेड टोपीवर बसलं की नाही अशी शंका आली तर प्रिंटर बंद असताना वरचं झाकण उघडून पाहा. हेड एका टोकाला असेल आणि बोटाने हलकेच ढकलल्यावर सरकत नसेल तर ते नीट बसलं आहे. मध्येच कुठे दिसलं तर हाताने ओढून जागेवर नेऊ नका. पिन लावून प्रिंटर चालू करा, तो स्थिर होऊ द्या आणि बटणाने पुन्हा बंद करा.

दिवसातून किती वेळा चालू-बंद करायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. एकदाच. दर पानासाठी चालू आणि लगेच बंद, असं करू नका. चालू होताना प्रिंटर दरवेळी थोडी तयारी करतो, काही वेळा शाईही खर्चतो. ज्या वेळेत काम असतं त्या वेळेत तो झोपू द्या, झोपेतून उठायला शाई लागत नाही. माझ्याकडे दुपारी चारला चालू होतो आणि साडेआठला बंद.

बोर्ड कुठला द्यायचा

मी पाहिलेल्या घरांत हेड खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण एक्स्टेंशन बोर्ड होता. कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशनवर. कॉम्प्युटर शटडाउन केला की माणूस सरळ एक्स्टेंशनचं लाल बटण दाबतो. कॉम्प्युटर बंद झालेला असतो, प्रिंटर नसतो.

उपाय सोपा आहे. प्रिंटरची पिन भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटला लावा. ते शक्य नसेल तर प्रत्येक पिनेला वेगळं बटण असलेला एक्स्टेंशन घ्या. बटणाजवळ एक कागदी पट्टी चिकटवा. आमच्याकडे मुलीने लिहून लावली आहे: "आधी प्रिंटरचं बटण". पट्टी लागली त्या रात्रीपासून अण्णांच्या फेरीत प्रिंटरही नीट बंद व्हायला लागला. ते चष्मा लावून दिवा विझायची वाट पाहतात.

काही जण वाय-फायचा स्मार्ट प्लग लावून रात्री अकराला वीज तोडायचं वेळापत्रक करतात. प्रिंटरसाठी हे मुळीच करू नका. प्लगला आत काय चाललंय ते कळत नाही, तो छपाईच्या मध्येही वीज तोडेल. शिवाय तो प्लग स्वतःच वाय-फायला जोडलेला राहण्यासाठी अर्धा ते एक वॉट खात असतो, बंद प्रिंटरपेक्षा जास्त.

आपोआप बंद होण्याची सेटिंग

आपण विसरलो तरी प्रिंटर स्वतःहून, टोपी लावून, रीतसर बंद व्हावा यासाठी टायमर असतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. स्लीप टायमर किती मिनिटांनी झोपायचं ते ठरवतो, पॉवर ऑफ टायमर किती वेळाने पूर्ण बंद व्हायचं ते. झोप पाच मिनिटांवर ठेवा. पूर्ण बंद होण्यासाठी घरच्या वापराला दोन तास बरे पडतात. अर्धा तास ठेवला तर संध्याकाळभरात चार वेळा चालू-बंद होईल.

एप्सनच्या स्क्रीन नसलेल्या इंक टँक (टाकीत शाई भरायच्या) मॉडेलांत ही सेटिंग कॉम्प्युटरवरून करावी लागते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' (जुन्या विंडोजमध्ये 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स') उघडा, आपला प्रिंटर निवडून 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' घ्या. 'मेंटेनन्स' टॅबवर 'प्रिंटर अँड ऑप्शन इन्फर्मेशन' असं बटण आहे. त्यात 'स्लीप टाइमर' आणि 'पॉवर ऑफ टाइमर' दिसतील. वेळ निवडून 'सेंड' दाबायला विसरू नका. नुसतं 'ओके' करून बाहेर पडलं तर प्रिंटरपर्यंत काही पोचत नाही, शेजारच्या घरी पहिल्यांदा असंच झालं होतं. काही मॉडेलांत 'पॉवर ऑफ इफ डिसकनेक्टेड' असाही पर्याय असतो, म्हणजे केबल किंवा नेटवर्क तुटलेलं असेल तर बंद व्हायचं.

कॅननमध्ये त्याच 'मेंटेनन्स' टॅबवर 'ऑटो पॉवर' शोधा. नव्या मॉडेलांत आधी 'मेंटेनन्स अँड प्रेफरन्सेस' दाबल्यावर ते समोर येतं. इथे एक चांगली सोय आहे, 'ऑटो पॉवर ऑन'. यूएसबीने जोडलेला प्रिंटर बंद असला तरी कॉम्प्युटरवरून छपाई पाठवली की स्वतःच चालू होतो. ज्यांचा प्रिंटर माळ्याजवळच्या फळीवर आहे त्यांनी ही जरूर लावावी. अर्थात त्यासाठी बोर्डाचं बटण चालू पाहिजे.

एचपीमध्ये बहुतेक घरगुती मॉडेलांना 'ऑटो-ऑफ' आधीपासूनच दोन तासांवर लावलेला येतो. तो बदलायचा तर प्रिंटर ज्या वाय-फायवर आहे त्याच वाय-फायवरून मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाका. तो पत्ता नेटवर्कची माहिती छापून घेतल्यावर कागदावर मिळतो. उघडलेल्या पानावर 'सेटिंग्ज' आणि त्यात 'पॉवर मॅनेजमेंट'.

ब्रदरच्या स्क्रीनवाल्या मॉडेलांत मेन्यूमध्ये 'जनरल सेटअप'खाली 'ऑटो पॉवर ऑफ' मिळतं.

मॉडेलागणिक शब्द थोडे इकडेतिकडे असतात. 'पॉवर', 'एनर्जी' किंवा 'इको' यांपैकी एखादा शब्द दिसला की तिथेच आहे असं समजा.

सगळं लावूनही प्रिंटर आपोआप बंद होत नाही, अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. कारण बहुधा वाय-फाय असतं. प्रिंटर नेटवर्कला जोडलेला असेल तर कुणी तरी मोबाइलवरून छपाई पाठवेल म्हणून तो वाट पाहत बसतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत नेटवर्क जोडलं की ऑटो-ऑफ आपोआप रद्दच होतो, कॅननच्या काहींतही तसंच आहे. तुम्ही कायम यूएसबी केबलनेच छापत असाल तर प्रिंटरचं वाय-फाय बंद करून टाका. टायमरही चालेल आणि जागेपणीची वीजही थोडी वाचेल. वाय-फाय लागतंच असेल तर झोपेवर समाधान माना आणि रात्री हाताने बंद करा.

आणि प्रिंटर झोपतच नसेल, सारखा जागा होत असेल, तर कॉम्प्युटरवरची छपाईची रांग उघडून पाहा. एखादं जुनं अडकलेलं काम तिथे पडून असतं आणि ते दर थोड्या वेळाने प्रिंटरला उठवतं. ते रद्द करा.

लाईट गेली तर

सोलापुरात राहून हा भाग टाळता येत नाही. वळवाचा पाऊस, तारांवर पडलेली फांदी, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला पुरवठा. छपाई चालू असताना लाईट गेली की हेड मध्येच उघडं राहतं.

अशा वेळी बहुतेक माणसं करतात ती चूक अशी: लाईट येते, पंखे फिरायला लागतात, आणि प्रिंटर मात्र अंधारातच राहतो. कारण प्रिंटरचं बटण यांत्रिक नसतं. वीज परत आली म्हणून बरेच प्रिंटर आपोआप चालू होत नाहीत. आपल्याला वाटतं, बंद आहे, छान. आत हेड मात्र उघडंच असतं आणि पुढच्या छपाईपर्यंत, म्हणजे कदाचित आठवडाभर, तसंच वाळत राहतं.

म्हणून लाईट आल्यावर दोन-चार मिनिटं थांबा, कारण ती पुन्हा जायची शक्यता याच वेळी जास्त असते आणि दाबही कमी-जास्त होत असतो. मग प्रिंटर त्याच्या बटणाने चालू करा. अर्धवट कागद आत असेल तर तो बाहेर टाकू द्या. हिरवा किंवा पांढरा दिवा स्थिर झाला की बटणाने पुन्हा बंद करा. काही छापायचं नसेल तरी एवढं करा. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा, असं मी म्हणेन.

घरी इन्व्हर्टर असेल तर इंकजेट त्यावर घ्यायला काहीच हरकत नाही. ३० वॉटचं ओझं म्हणजे एका पंख्याच्या निम्मंही नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या लाईटसारखीच सुरळीत वीज देणारा, असेल तर उत्तम. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवरही चालतो. आणि लाईट गेल्यावर छपाई पुढे चालू ठेवण्यापेक्षा तिथेच थांबवून प्रिंटर रीतसर बंद करणं बरं, यूपीएसची पाच-दहा मिनिटं त्याला पुरेशी आहेत. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नका. त्याचा आतला रोलर तापवायला काही शे वॉट लागतात, यूपीएस तो झटका पेलत नाही. हा लेख लेझरसाठी नाहीच, पण दोन्ही घरात असलेले लोक चुकून एकाच पिनेला लावतात म्हणून सांगितलं.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ काळं झालं आणि विजा कडकडायला लागल्या की बटणाने बंद करून, दिवा विझल्यावर, पिनच काढून ठेवा. नुसतं बोर्डाचं बटण बंद करणं विजेच्या लोळापुढे पुरत नाही. प्रिंटरची यूएसबी केबल कॉम्प्युटरला असेल आणि कॉम्प्युटरची पिन लागलेली असेल तर तीही केबल काढा.

आपला उन्हाळा

एप्सनच्या घरगुती टँक मॉडेलांच्या पुस्तिकेत वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता दिलेली आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कोरडी असते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्तच. पुणे-मुंबईत दोन आठवडे न वापरलेला प्रिंटर सुरळीत चालतो म्हणून आपलाही चालेल असं धरू नका. टोपी कितीही घट्ट असली तरी अशा हवेत आतली शाई लवकर घट्ट होते.

मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत मी तीन गोष्टी पाळते. प्रिंटर पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवते. छपाई सकाळी किंवा संध्याकाळी करते, दुपारी एक ते चार शक्यतो नाही. आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, चारही रंग असलेलं अर्धं पान छापते. मुलीचं एखादं चित्र किंवा रंगीत नकाशा. हे अर्धं पान वाया जात नाही, कारण एका हेड क्लीनिंगमध्ये त्यापेक्षा जास्त शाई जाते.

कूलरबद्दल विचारतात. कूलर असलेल्या खोलीतली ओलसर हवा हेडसाठी चांगली, पण कागदासाठी वाईट. कागद दमट होऊन वळतो, अडकतो, आणि अडकलेला कागद म्हणजे मधेच थांबलेलं हेड. तेव्हा कूलरचा झोत प्रिंटरवर येऊ देऊ नका आणि कागद ट्रेमध्ये न ठेवता त्याच्या पुडक्यात ठेवा, लागेल तेवढाच घाला.

सोलापूरच्या पूर्व भागात, घराला लागूनच यंत्रमाग किंवा शिलाई मशिनं चालतात तिथे आणखी एक काळजी. सुताचं तूस हवेतून प्रिंटरच्या आत जातं आणि टोपीच्या रबरावर चिकटतं. मग टोपी घट्ट बसत नाही आणि बटणाने नीट बंद करूनही हेड वाळतं. काम नसताना प्रिंटरवर जुनी ओढणी किंवा चादरीचा तुकडा टाका. मात्र चालू प्रिंटरवर कापड नको, बंद झाल्यावरच.

गावाला जाताना आणि परत आल्यावर

दिवाळी किंवा मेच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असेल तर निघायच्या आदल्या दिवशी नोझल चेकचं पान, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं रेघांचं पान, छापा. रेघा अखंड आल्या तर प्रिंटर बटणाने बंद करा, दिवा विझू द्या, मग पिन काढा. ब्रदर असेल तर पिन आणि त्याच्या बोर्डाचं बटण चालूच ठेवून जा, मेन स्विच पाडू नका. कार्ट्रिज किंवा हेड काढून डब्यात ठेवायचा मोह होतो, तो टाळा. ती सर्वांत सुरक्षित आत, टोपीवरच असतात. टाकी रिकामी ठेवून जाऊ नका. आणि प्रिंटर उभा किंवा तिरपा करून कपाटात कोंबू नका, टाकीतली शाई उतरते.

परत आल्यावर घाईने महत्त्वाचं काही छापायला घेऊ नका. आधी नोझल चेक. रेघा तुटक असतील तर एकदा हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. असं जास्तीत जास्त तीन वेळा. तरीही फरक पडला नाही तर तिथे थांबा. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग केल्याने टाकी रिकामी होते आणि पोटातला स्पंज भरतो. माझं पहिलं हेड वाचवायच्या नादात मीही पाच-सहा वेळा असंच केलं होतं. एप्सनच्या टँक मॉडेलांसाठी कंपनीची सूचना आहे की तीन वेळा होऊनही सुधारणा नसेल तर किमान १२ तास न छापता ठेवा, मग पुन्हा तपासा. त्या वेळात टोपीखालच्या ओलाव्याने वाळलेली शाई सैल होते. रात्री बटणाने बंद करून ठेवा आणि सकाळी चहानंतर पाहा. आमच्या शेजारच्या काकूंचा प्रिंटर असाच दुसऱ्या दिवशी सकाळी सुरळीत झाला.

त्यानंतरही रेघा असतील तर तुमच्या प्रिंटरमध्ये हेड बदलता येतं का ते पाहा. एचपी आणि कॅननच्या साध्या कार्ट्रिजवाल्या मॉडेलांत हेड कार्ट्रिजवरच असतं, नवं कार्ट्रिज घातलं की प्रश्न मिटतो. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्येही हेड वेगळं मिळतं, घरी बदलता येतं. एप्सनमध्ये ते कायमचं बसवलेलं असतं, तिथे दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागतं. नेण्याआधी मात्र प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा, दिवा विझू द्या, आणि रिक्षात तो सपाटच, मांडीवर धरून न्या.